वाइंडिंग खात्यातली जागा

“मी सही करी देसू, आनि मनी सून मना जागावर लागी जाई,” वाइंडिंग खात्यातल्या अक्का म्हणाल्या.

जेवणाची सुट्टी होती. बायकांच्या खोलीतल्या नळावर मी डबा धुत होते, त्यांच्याकडे पाठ करून. डबा केव्हाच स्वच्छ झाला होता, तरी मी पाणी बंद केलं नाही.

“साहेबनी सांगं का तसं?” दुसरीनं विचारलं.

“सांगाले कसाले जोयजे? मना येळले कोणी सांगं व्हतं? सासूनी जागा सोडी, मी उभी ऱ्हायनू.”

सगळ्या हसल्या. मी डबा पिशवीत ठेवला आणि कुणाकडे न बघता ऑफिसात परत गेले. माझ्या टेबलावर मुंबईच्या हेड ऑफिसचं स्वेच्छानिवृत्तीचं इंग्रजी परिपत्रक होतं. त्यातलं शेवटचं कलम मला पाठ झालं होतं. जो कामगार स्वेच्छेनं निवृत्त होईल त्याची जागा कायमची रद्द होईल आणि तिच्यावर वारसाला किंवा दुसऱ्या कुणाला घेतलं जाणार नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची ही गोष्ट. धुळ्याबाहेर एक सूतगिरणी होती. मूळ मालकांनी हात वर केल्यावर ती सरकारनं चालवायला घेतली होती. तिच्या लेबर ऑफिसात मी टायपिस्ट होते. मला घेतलं ते इंग्रजीमुळे. जळगावला वडिलांनी मला हौसेनं कॉन्व्हेंटमध्ये घातलं होतं. माझं इंग्रजी चांगलं झालं, मराठी पुस्तकी राहिलं आणि गिरणीतल्या बायका बोलत ती अहिराणी मला नुसती ऐकून समजायला दोन वर्षं लागली. बोलायला कधीच जमली नाही. माझी नेमणूक सहा-सहा महिन्यांची असे. दर सहा महिन्यांनी आमचे लेबर ऑफिसर साहेब नवी ऑर्डर काढत, आणि ती टाईपही मलाच करावी लागे.

राहायला मी एका मारवाडी व्यापाऱ्याच्या घरी, वरच्या मजल्यावर होते. खाली त्यांचं दुकान आणि मोठं कुटुंब. जिन्यात भेटलं की घरातल्या बाई “जेवलीस का?” विचारायच्या. मी “हो” म्हणायचे, मग जेवलेली असो वा नसो. संध्याकाळी सहापासून सकाळी आठपर्यंत या एका शब्दाखेरीज माझ्या तोंडून काही निघत नसे. रविवारी तर कधीकधी दुपारी मी मुद्दाम मोठ्यानं खोकायचे, आवाज जागेवर आहे ना ते बघायला.

दर पंधरा दिवसांनी शनिवारी एस.टी.नं जळगावला जायचे. पारोळ्याला गाडी थांबली की लोक चहाला उतरत. मी खिडकीतून किल्ल्याच्या भिंतीकडे बघत बसायचे. जळगावात पिंप्राळ्याच्या आमच्या घरी वडील पेपर घेऊन वाटच बघत असत. विमा कंपनीत हेडक्लार्क होते ते. त्या वर्षी त्यांना दुसरा विषय नव्हता.

“देशाचं सोनं गहाण पडलंय,” ते म्हणायचे. “सूत काढणं हे काय सरकारचं काम आहे? तोट्यात चालणारं बंद केलंच पाहिजे. थोडे दिवस त्रास होईल, मग बघ.” आणि नेहमी पुढं म्हणायचे, “तुला काय काळजी? तुझं इंग्रजी आहे.”

मला ते पटत होतं, हे आज लपवण्यात अर्थ नाही. मी गिरणी आतून बघत होते. यंत्रं जुनी होती, वीज जायची, कापूस वेळेवर यायचा नाही, तयार सूत गोदामात पडून असायचं. दर महिन्याला तोट्याचं पत्रक मीच टाईप करत होते. हे असं चालू शकत नाही हे टायपिस्टलाही कळत होतं. मला कळत नव्हतं ते एवढंच, की माणसं कमी करायची सुरुवात वाइंडिंग खात्यापासून, म्हणजे सूत गुंडाळायच्या खात्यापासून का. त्या खात्यात बायका होत्या, म्हणजे पहिल्यांदा घरी पाठवायला सोप्या. साहेबांनी ते एकदा चहा पिताना सहज सांगितलं. “बायकांची घरं नवऱ्यावर चालतात,” ते म्हणाले. अक्कांचा नवरा जाऊन पंधरा वर्षं झाली होती.

साहेब वाईट नव्हते. मऊ बोलणारे, बिनसाखरेचा चहा पिणारे, दोन वर्षांत निवृत्त होणारे गृहस्थ. त्यांना वरून आकडा आला होता. इतक्या सह्या या महिनाअखेरपर्यंत. परिपत्रकाचा मराठी अनुवाद करायला त्यांनी मला सांगितलं. मी रात्र घालवून, एकेक शब्द वडिलांच्या जुन्या शब्दकोशात बघून तो केला. सकाळी त्यांनी वाचला, मान डोलावली आणि शेवटच्या कलमावर लाल पेन्सिलीनं आडवी रेघ मारली.

“नोटीस छोटी असावी. लांबलचक कोण वाचतं?”

“पण सर, हे कलम...”

“इंग्रजी मूळ फाईलला आहे ना? कुणाला हवं तर येऊन बघेल.”

गिरणीत इंग्रजी वाचणारे आम्ही तिघं-चौघं होतो. मी ते कलम सोडून नोटीस टाईप केली आणि शिपायानं ती फलकावर लावली.

या गिरणीची एक रीत होती, ती परक्या माणसाला समजणार नाही. कायदा म्हणून ती कुठं लिहिलेली नव्हती, पण जुन्या मालकांपासून चालत आलेली. माणूस थकला की खात्यात सांगायचा, मी जागा सोडतो. मग ठरलेल्या दिवशी तो मुलाला, किंवा वाइंडिंगमधली बाई सुनेला, बरोबर घेऊन यायची. जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, यंत्रासमोर नारळ फोडायचा. बाई यंत्राला हळदीकुंकू लावायची, सुनेला आपल्या जागेवर उभी करायची आणि स्वतः बाजूला सरकायची. सून आधी बदली कामगार म्हणून लागायची, वर्ष-दोन वर्षांत कायम व्हायची. अक्कांना ही जागा त्यांच्या सासूनं दिली होती. त्या सासूला तिच्या सासूनं. अक्कांच्या घरात लग्नात सून बघताना तिची बोटं बघत, असं त्या सांगत. वाइंडिंगमध्ये सूत तुटलं की डोळ्याचं पातं लवायच्या आत गाठ मारावी लागते.

नोटीस वाचून दाखवल्यावर सगळ्या बायकांना वाटलं, आता सरकारच जागा सोडायला सांगतंय आणि वर पैसेही देतंय. रीत तीच आहे, फक्त नारळाऐवजी कागद.

दुसऱ्या दिवसापासून अक्का सुनेला जेवणाच्या सुट्टीत आणू लागल्या. गेटवर कुणी अडवलं नाही. साहेबांनी खिडकीतून बघितलं आणि म्हणाले, “शिकू दे, शिकू दे. खुशीनं सही करतील.” सून विशीतली, जरा उंच, माझ्याच वयाची. ती बायकांच्या खोलीतल्या खिडकीच्या गजाला सूत बांधायची, तोडायची आणि गाठ मारायची. अक्का बाजूला बसून ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा खायच्या आणि तिच्याकडे न बघताच सांगायच्या, “ढिल्ली शे. परत.”

मी कोपऱ्यात बसून माझा डबा खायचे. दोन वर्षांत त्या खोलीत माझ्याशी आपणहून बोलणाऱ्या अक्का एकट्याच होत्या. बाकीच्या मला ‘हापिसनी बाई’ म्हणायच्या आणि मी चमच्यानं भात खाते म्हणून एकमेकींना कोपरानं ढोसायच्या. अक्कांनी पहिल्यांदा भाकरीचा तुकडा दिला तेव्हा म्हणाल्या होत्या, “खाय ना बाई, तिखट नही शे.” माझ्या डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा सगळी खोली हसली, आणि मला वाईट वाटण्याऐवजी बरं वाटलं. निदान माझ्यावर हसायला तरी त्या माझ्याकडे बघत होत्या.

एके दुपारी अक्कांनी मलाही सुताचा तुकडा दिला. “तू बी शिक. टायपिंग काय जलमभर पुरी का?” त्यांनी माझी बोटं धरून दोन टोकं अंगठ्याखाली बसवली. त्यांची बोटं खरखरीत होती, आणि सुतामुळे तर्जनीवर बारीक खाच पडलेली. माझी गाठ सुटली. सून हसली, मीही हसले. तो तुकडा मी खोलीवर नेला आणि संध्याकाळी खिडकीच्या कडीला बांधून बराच वेळ गाठी मारत बसले. खाली दुकानात माणसं बोलत होती. मला एकही गाठ धड जमली नाही.

त्या आठवड्यात मी त्यांना सांगायचं ठरवलं. रोज ठरवलं. सकाळी गिरणीच्या वाटेवर वाक्य जुळवायचे आणि ऑफिसच्या पायरीवर सोडून द्यायचे. माझी ऑर्डर महिनाअखेरीस संपत होती. नवी निघायची होती ती साहेबांच्याच सहीनं.

शेवटी अक्काच आल्या. संध्याकाळी भोंगा झाल्यावर गेटकडे जाताना त्या माझ्या बरोबरीनं चालू लागल्या. केसात कापसाचे तंतू अडकलेले. म्हणाल्या, “तुना त्या कागदमा काय काय लिखेल शे, सांग तरी.”

तेव्हा आजूबाजूला कुणी नव्हतं. यापेक्षा चांगली वेळ मला मिळणार नव्हती.

“नोटिशीत आहे तेच,” मी म्हणाले.

“तू लिखेल शे ना?”

“हो.”

“मंग बरोबरच व्हई,” त्या म्हणाल्या आणि सुनेसाठी बांगड्या घ्यायच्या म्हणून बाजाराकडे वळल्या.

गिरणी पुढं पाच-सहा वर्षांनी पूर्ण बंद पडली. ती पडणारच होती. कितीतरी नंतर मी त्या रस्त्यानं गेले तर गेटच्या आत बाभळी उगवल्या होत्या. लोक मला सांगतात की आज ना उद्या सगळ्यांचीच जागा जाणार होती, मग तू स्वतःला कशाला खातेस. ते खरं आहे. पण सही न करणाऱ्याला तेवढी वर्षं पगार मिळाला, हेही खरं आहे. आणि मी पाच-सहा वर्षांचा विचार करतच नव्हते. मी फक्त माझ्या सहा महिन्यांचा विचार करत होते.

सह्यांच्या दिवशी टाईम ऑफिससमोर मंडप घातला होता. टेबलामागं साहेब, त्यांच्या उजव्या हाताला मी. माझ्यापुढं अर्जांचा गठ्ठा आणि अंगठ्यासाठी शाईचा पॅड. माझं काम एवढंच, की नाव वाचायचं, सहीची जागा बोटानं दाखवायची आणि अंगठा असेल तर बोट पुसायला फडकं द्यायचं. अर्ज इंग्रजीत होते. बायका रांगेत उभ्या होत्या, ठेवणीतली लुगडी नेसून. बऱ्याच जणींबरोबर सुना होत्या, एकदोघींबरोबर मुली. कुणाच्या हातात हळदीकुंकवाची वाटी, कुणाच्या पिशवीत नारळ. रांगेत थट्टा चालली होती.

“आते घर बठीसन सूनवर हुकूम चालाडजो.”

“आते कुठला हुकूम? कमावती सून कोणं ऐकस?”

साहेब हसून माझ्याकडे वळले आणि इंग्रजीत हळूच म्हणाले, “दुपारपर्यंत आकडा पुरा होईल. तुमची ऑर्डर मी तयार ठेवलीय.”

मी नावं वाचत गेले. पहिली, दुसरी, तिसरी. प्रत्येकीनं सही केली आणि मी अर्ज उलटा करून डावीकडे ठेवला. प्रत्येकीनं जाताना एकदा खात्याच्या दाराकडे बघितलं, नारळ कधी फोडायचा म्हणून. जॉबर दारात उभा होता, पण त्यानं मान खाली घातली होती. त्याला माहीत असावं. अशा चौदा सह्या झाल्या. त्या चौदाजणींना मी जागा बोटानं दाखवली, आणि दुसरं काही सांगितलं नाही. हे मी नंतरच्या आयुष्यात कुणाकुणाला सांगायचा प्रयत्न केला आहे आणि दर वेळी अक्कांपासून सुरुवात केली आहे, कारण ते सोपं जातं.

पंधरावा अर्ज अक्कांचा होता. त्या पुढं आल्या. त्यांना सही करता येत होती, त्याचा त्यांना अभिमान होता, म्हणून शाईचा पॅड त्यांनी हातानंच बाजूला सारला. मागं सून उभी होती, नव्या हिरव्या बांगड्या घालून. तिनं पदर खोचला होता, लगेच कामाला उभं राहायचं असल्यासारखा. तिच्या बोटाला, सुतानं कापतं तिथं, चिंधी बांधली होती.

अक्कांनी पेन घेतलं. “कोठे करू?” असं त्यांनी मला विचारलं, साहेबांना नाही.

मी कागदावर बोट ठेवायला हात पुढं केला आणि त्या हातानं कागद झाकला. साहेबांनी माझं नाव घेतलं, प्रश्न विचारल्यासारखं. रांगेतली थट्टा थांबली. माझं पुस्तकी मराठी इतक्या जणींसमोर मी कधीच बोलले नव्हते. आवाज आधी फुटलाच नाही. मग फुटला तो माझ्याच कानांना फार मोठा वाटला.

“अक्का, सही करू नका,” मी म्हणाले. “नोटिशीत एक कलम मी लिहिलं नाही. तुम्ही सही केलीत की ही जागाच रद्द होणार आहे. सुनेला मिळणार नाही. कुणाच्याच सुनेला मिळणार नाही.”