तोच वाघ?

"भाऊ, हा तोच वाघ हाये, हे तुमाले कोनं सांगतलं?"

फोन वनरक्षकाचा होता. मी सिंदेवाहीच्या स्टँडवर चहा पीत बसलो होतो. समोरच्या पेपरात पहिल्या पानावर माझीच बातमी: 'दोघांचा बळी घेणारा वाघ अखेर जेरबंद.'

कुणीच सांगितलं नव्हतं. आदल्या संध्याकाळी वनविभागाच्या गाडीत पिंजरा पाहिला, पिंजऱ्यात वाघ होता. डेस्क म्हणजे आमच्या बातम्या तपासून पानात लावणारं शहरातलं ऑफिस. तिथून साहेबांनी विचारलं, "तोच ना? बाकीचे पेपर लावून राह्यले." मी म्हणालो, "तोच." घरी जाऊन जेवलो, झोपलो.

वाघाचे पट्टे आपल्या बोटांच्या ठशांसारखे असतात, एकाचे दुसऱ्याशी जुळत नाहीत. पिंजऱ्यातल्या वाघाचे पट्टे वनरक्षकानं जंगलातल्या कॅमेऱ्यांत आलेल्या, माणसं मारणाऱ्या वाघाच्या फोटोंशी ताडून पाहिले होते. हा वाघ वेगळाच निघाला.

"तो अजून जंगलातच हाये," वनरक्षक म्हणाला. "अन् बाया उद्या मोहाले चालल्या. माह्यं कोनी आयकत नाई. म्हन्तात, पेपरात आलं ना!"

डेस्कला फोन केला. साहेब म्हणाले, "उद्या खुलासा टाकू." खुलासा म्हणजे दुरुस्ती, आतल्या पानावर चार ओळी. बळी गेलेल्या दोघांच्या गावात पेपर पोचतो बसनं, ऊन चढल्यावर. रात्री गळलेली मोहफुलं जनावरांच्या आधी वेचायला बाया उजाडायच्या आत निघतात.

मोटारसायकल काढली.

गावात शिरताच एकानं खुर्ची दिली. "या पत्रकार साहेब! सुटलो बुवा एकदाचे!"

मी उभ्यानंच सांगितलं. वाघ मोकळा आहे, जाऊ नका.

"पेपरात एक अन् तोंडात एक?"

"जंगलवाल्यायनं पाठवलं असन याले. आपल्याले मोहाले जाऊ द्यायचं नाई त्यायले."

एकानं मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. व्हॉट्सअ‍ॅपवर माझ्याच बातमीचा फोटो. माझ्या छापलेल्या शब्दापुढे माझं तोंड खोटं ठरत होतं.

सुमनबाई पुढे आली. वाघानं नेलेल्या दोघांतला एक तिचा नवरा. उद्याची टोपली तिच्या कमरेला होती.

"भाऊ, तुमाले पक्कं मालूम होतं का, का हा तोच?"

"नाही."

"मंग काऊन लिवलं?"

घाई, डेस्क, दुसरे पेपर... सगळी उत्तरं तोंडाशी आली. म्हणालो, "आपला पेपर पहिला यावा म्हणून. माहीत नव्हतं, तरी लिहिलं."

कुणीतरी शिवी हासडली. ती माझीच होती, मी घेतली.

सुमनबाई बायांकडे वळली. "उद्या कोनी जाऊ नका वो. मोह पडून राह्यला तं राहू द्या. खोटंच बोलाचं असतं तं हा शिव्या खायाले इथी कायले आला असता?"

कुणी गेलं नाही. सकाळी वनरक्षकानं मला मोहाखाली नेलं. फुलांच्या सड्यावर ताजे पंजे उमटले होते.

त्या सकाळी सगळ्या बाया आपापल्या चुलीपाशी होत्या, त्या सुमनबाईमुळे. तिचे आभार मानायला दोनदा गेलो आणि दोन्ही वेळा पाणी पिऊन परतलो. म्हणून इथं लिहितोय.

पुढे खरा वाघ सापडला. पट्टे जुळल्याचा निरोप येईपर्यंत मी बातमी पाठवली नाही. बाकीच्यांनी आधीच छापली.

"शिळी बातमी पाठवली तू," साहेब चिडले.

"हो साहेब," म्हणालो. शिळ्या बातमीनं फार तर वार्ताहराला बोलणी बसतात.