आईला ऐकू आलेला आवाज

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. मी इलेक्ट्रॉनिक्सवाली... मीटरवर दिसलं तरच ते आहे, असा माझा खाक्या.

आमचं छोटं वर्कशॉप वाळूजला, बजाजनगरपासून दहा मिनिटांवर. समुद्र इथून कुठच्या कुठं, पण आम्ही यंत्र बनवतो समुद्रासाठी. जेट्टीचे खांब ठोकताना पाण्यात प्रचंड आवाज होतो. त्यानं पॉर्पॉइजचे – डॉल्फिनसारखाच, पण लहान, लाजाळू प्राणी – कान कायमचे जाऊ शकतात. म्हणून काम सुरू करण्याआधी आमचं यंत्र पाण्यात सोडतात. आधी हळू, मग वाढत जाणारा आवाज... म्हणजे ते न घाबरता लांब निघून जातात. माणसाला हा आवाज ऐकूच येत नाही.

आणि माझी आई तर ठार बहिरी. वीस वर्षं पत्रे ठोकणाऱ्या मशिनांच्या प्रेस शॉपमध्ये काम केलं, त्यात कान गेले. ओठांकडे बघून बोलणं ओळखते.

त्या दुपारी ती माझा डबा घेऊन आली होती. दुसऱ्या दिवशी माल जायचा होता. मी शेवटचं यंत्र पाण्याच्या टाकीत सोडलं आणि चालू केलं. आई बाहेर पायरीवर, माझ्याकडे पाठ करून मेथी निवडत होती. एकदम जुडी टाकून उठली.

"बंद कर ते! लेकरू दचकलं की गं!"

मी तिच्यासमोर गेले. "कुठलं लेकरू?"

"पाण्यातलं. माय हाका मारत व्हती त्याला... लई मायेनं. अन् मधीच फाडकन आवाज झाला. कान जातील गं त्याचे. माझ्यासारखे."

मी तिला जवळ घेतलं. केवळ तिच्या समाधानासाठी यंत्राच्या आवाजाचं रेकॉर्डिंग कॉम्प्युटरवर उघडलं... आणि गार पडले. हळू सुरुवात नव्हतीच. यंत्र पहिल्या क्षणापासून पूर्ण जोरात! बाकीची तपासली, सगळी तशीच. नवीन प्रोग्राम मीच टाकला होता. चूक माझी.

संध्याकाळपर्यंत सगळी दुरुस्त केली. शेवटी एक टाकीत सोडलं आणि आईकडे बघितलं.

"आता?"

ती हसली. "गेली दोघं. सावकाश."

कुणी म्हणेल, कान गेले तरी आवाज हाडांतून जाणवतो. पण ती टाकीपासून लांब होती, हातही लागला नव्हता. आणि त्या मायलेकरांचं काय? टाकीत यंत्राशिवाय काहीच नव्हतं. नंतर कितीदा तरी मी तिच्या नकळत यंत्र लावून पाहिलं. तिनं मानसुद्धा वर केली नाही. मला आजही कारण सापडलेलं नाही.

एकदा मात्र विचारलं, "आई, ती हाक कशी होती गं?"

"कशी सांगू? आवाज म्हंजे काय, तेच इसरले व्हते मी... इतक्या वर्षांत तेवढाच एक ऐकला."