स्लगसाठी स्वस्तातलं पंप-अ‍ॅक्शन

चहा गरम आहे तोवर घ्या. बिस्किट मात्र आत्ता तोंडात घालू नका. हा किस्सा ऐकताना कुणाच्या घशात काही अडकलं, तर मी भूलतज्ज्ञ असलो तरी सुट्टीच्या दिवशी हात लावत नाही, आधीच सांगून ठेवतो.

इंग्लंडला जाऊन आपली माणसं काय काय घेतात! कोणी घर घेतं, कोणी गाडी घेतं. मी बंदूक घ्यायला गेलो होतो. हसू नका. मी! स्वतःच्या लग्नात फटाक्याच्या आवाजाने दचकून ज्याचा फेटा पडला, तो मी!

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आम्ही तेव्हा ब्रिस्टलला. मी तिथल्या एका हॉस्पिटलात रजिस्ट्रार, म्हणजे मोठ्या डॉक्टरांच्या हाताखालचा डॉक्टर. त्या पोस्टवर इतका मुरलो होतो की बरणीत भरून वर तेल घालायचं तेवढं बाकी होतं. त्या वर्षी सीनियर रजिस्ट्रारची एक जागा निघणार होती. ती मिळाली तर ब्रिस्टलमध्येच मुक्काम. नाहीतर पुन्हा बोचकी बांधा आणि कुठल्यातरी गावाच्या हॉस्पिटल क्वार्टर्समध्ये जाऊन पडा.

आणि मंदाने, म्हणजे माझ्या बायकोने, निक्षून सांगितलं होतं, "आता मी इथून हलणार नाही. मी मेथी पेरलीय."

मेथीच नव्हे, कोथिंबीरही. घरामागच्या इवल्याशा गार्डनमध्ये तिने वाफे केले होते. कोवळी पानं वर आली तेव्हा आम्ही दोघं खुर्च्या टाकून ती बघत बसलो. हो, चक्क बघत बसलो! परदेशात माणूस कशात रमेल सांगता येत नाही.

मग एक दिवस पाऊस पडून गेला आणि सकाळी वाफा साफ. नुसत्या काड्या!

स्लग! तुम्ही पाहिलेत का कधी? गोगलगाय बघितलीय ना? तिच्या पाठीवरचा शंख काढून घ्या, तिला भरपूर खाऊ घाला, अंगठ्याएवढी जाड करा, आणि वर शेंबूड माखा. झाला स्लग. काळे, तपकिरी, सगळ्या रंगांत मिळतात. मंदाने मीठ टाकलं. मग पायातली चप्पल काढली. मी मागे बादली धरून उभा, डोळे मिटून. मला त्यांची किळस यायची.

शेजारच्या आजीबाईंनी कुंपणावरून हा संग्राम पाहिला. म्हणाल्या, "मीठ नको, डियर. माती मरते. लसणाचं पाणी फवार. आणि साधा स्प्रे नको, चांगलं पंप-अ‍ॅक्शन घे. हँडल मागेपुढे केलं की काय जोर येतो म्हणून सांगू! स्वस्तातही मिळतात."

पंप-अ‍ॅक्शन. शब्द मी पाठ करून ठेवला. तिथेच घात झाला.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन थिएटरमध्ये हर्नियाची केस होती. सर्जन होते मिस्टर थॉर्नबी. तिकडे सर्जनला डॉक्टर म्हटलेलं चालत नाही, मिस्टर म्हणायचं, आणि ह्यांना तर तेही खाली बघून. सहा फूट उंची, भुवया अशा की त्यांत चिमण्यांनी घरटं करावं. शनिवार-रविवारी शिकार. आणि आमच्या जागेच्या इंटरव्ह्यू पॅनलवर हेच महाशय!

पेशंट झोपलेला, सगळं सुरळीत चाललेलं. मी थिएटर सिस्टरला हळूच विचारलं, "सिस्टर, एखादं स्वस्तातलं पंप-अ‍ॅक्शन कुठे मिळेल हो? स्लगसाठी हवंय."

थॉर्नबींचा हात थांबला. भुवया वर गेल्या.

"पंप-अ‍ॅक्शन? फॉर स्लग्ज?"

"येस सर."

"वेल, वेल!" म्हणाले, आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं ह्याआधी कधीच बघितलं नव्हतं. म्हणजे माणसासारखं.

आता जे मला ठाऊक नव्हतं ते तुम्हाला सांगून टाकतो. शॉटगनमध्ये छर्ऱ्यांऐवजी शिशाची एकच जाडजूड गोळी घालतात, मोठं जनावर लोळवायला. तिलाही म्हणतात स्लग! आणि पंप-अ‍ॅक्शन ही शॉटगनचीच एक जात. हँडल मागेपुढे केलं की पुढची गोळी तयार. पण मी बापडा लसणाच्या पाण्यात बुडालेलो.

"कुठे हे?" थॉर्नबींनी विचारलं.

"अ‍ॅट होम, सर. घराच्या मागेच."

होम! तुम्ही तिथे कितीही वर्षं टॅक्स भरा, इंग्रजाच्या कानाला तुमचं 'होम' म्हणजे इंडियाच!

"पिकात शिरतात?"

"बायकोचं अख्खं पीक खाल्लं, सर."

"अच्छा, बोअर!"

बोअर म्हणजे त्यांच्या मनात रानडुक्कर. मला वाटलं, किती आपुलकीने विचारतोय माणूस.

"भयंकर बोअर, सर! रोज संध्याकाळी तेच."

"मोठे आहेत?"

"लठ्ठ! पाऊस पडून गेला की झुंडीने येतात."

"मग आत्तापर्यंत काय वापरत होता?"

"मीठ, सर."

"रॉक सॉल्ट!" त्यांनी मान हलवली. काडतुसात मीठ भरून जनावर पळवून लावायची एक रीत असते म्हणे. मला काय माहीत? "मिठाने काही होत नाही. ते नुसते चिडतात."

"अगदी बरोबर, सर!"

"तुम्ही स्वतः जाता त्यांच्यावर?"

"नाही सर, मला जमत नाही. माझी बायको मारते."

"युवर वाइफ? कशाने?"

"चपलेने."

थॉर्नबींनी टाका अर्धवट सोडला. "आणि तुम्ही?"

"मी मागे बादली घेऊन उभा असतो, सर."

"गुड गॉड," ते पुटपुटले. मग म्हणाले, "शनिवारी तुम्ही दोघं माझ्याबरोबर चला. माझ्या ओळखीचा दुकानदार आहे. स्वस्तात मस्त काम करून देईल. आणि हो, मिसेसना आणाच. मला त्यांना भेटायचंय."

घरी येऊन सांगितलं तर मंदा हरखलीच. "अय्या! एवढा मोठा सर्जन आपल्याला गार्डन सेंटरला नेतोय? म्हणजे जागा तुमचीच हो!" तिने ठेवणीतली साडी काढली, वर नवं कार्डिगन. आणि दुकानदाराला नीट कळावं म्हणून जॅमच्या बाटलीत दोन-चार स्लग नमुन्यादाखल भरून घेतले. झाकणाला भोकंसुद्धा पाडली. ती सगळं व्यवस्थित करते.

शनिवारी थॉर्नबींच्या मोठ्या मोटारीतून सॉमरसेटमधल्या एका गावात पोचलो. दुकानाच्या काचेत पेंढा भरलेला फेझंट, म्हणजे तिकडचा शिकारीचा रानकोंबडा.

"अहो, गार्डन सेंटरमध्ये कोंबडा कशाला?" मंदा कुजबुजली.

आत गेलो. भिंतभर बंदुका! मी फवाऱ्याचे पंप शोधत इकडेतिकडे बघतोय, तर थॉर्नबी दुकानदाराला म्हणाले, "ह्याच त्या बाई." दुकानदाराने डोक्यावरची कॅप काढली आणि मंदाचा हात दोन्ही हातांत घेऊन हलवला. मग हळूच वाकून तिच्या चपलेकडे बघितलं.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पण पडून उपयोग काय? ज्यांच्या हातात माझी जागा, त्यांच्या मोटारीतून आलो, त्यांच्या शब्दावर दुकानदार थांबलेला. आता कुठल्या तोंडाने सांगू की मला गोगलगाईंवर लसूण मारायचाय?

दुकानदाराने काउंटरवर तीन बंदुका मांडल्या.

"ही इटालियन. लोणी आहे लोणी, पण महाग. ही नवी, स्वस्तातली, जरा खडखडते. आणि ही सेकंडहँड. दस्त्यावर ओरखडे आहेत, पण नळी एकदम झकास."

"स्लगसाठी आखूड नळी बघ," थॉर्नबी म्हणाले. "आणि नेम धरायला वर साइट्स हव्यात."

काहीतरी विचारायला हवं म्हणून मी विचारलं, "सगळ्यांत हलकी कुठली?"

"हलकी घेऊ नका, डॉक्टर. स्लग उडाला की सगळा धक्का खांद्यात बसतो."

मी गंभीरपणे मान डोलावली, जसा काही आमच्या घरात पिढ्यान्पिढ्या खांदेच निखळत आलेत. सेकंडहँड उचलली, हँडल मागेपुढे केलं. खळ्ळ-खट्ट! मी स्वतःच दोन पावलं मागे उडालो.

"अहो," मंदा मराठीत म्हणाली, "ही बंदूक आहे."

"दिसतंय मला!"

"मग सांगा ना त्यांना!"

"कसं सांगू? जागा जाईल!"

"आणि ही घरी नेली तर तुम्हाला घरात जागा राहील?" मग किमतीची चिठ्ठी उलटून बघत म्हणाली, "निदान स्वस्तातली तरी बघा."

"सर्टिफिकेट आहे ना?" दुकानदाराने विचारलं.

"सगळी आहेत!" मी घाईने म्हणालो. "एमबीबीएस पुण्याचं, मग इथली फेलोशिप..."

"पोलिसांचं, डॉक्टर."

"ते नाही!" काय आनंद झाला म्हणून सांगू! नापास होऊन इतका खूश मी आयुष्यात झालो नव्हतो. "अरेरे, ते तर नाहीच! चला, सर!"

"नो मॅटर," थॉर्नबी म्हणाले. "इथल्या इन्स्पेक्टरला मी ओळखतो. आत्ताच जाऊ. तुम्हाला काय मारायचंय तेवढं नीट सांगा, बस."

पोलीस म्हटल्यावर मंदाचा धीर संपला. तिने पर्समधून जॅमची बाटली काढली आणि त्या इटालियन बंदुकीशेजारी ठणकन् आपटली.

"धिस! धिस वी वॉन्ट टु किल!"

बाटलीतल्या सगळ्यांत जाड्या स्लगने सावकाश शिंगं बाहेर काढली आणि दुकानदाराकडे बघितलं.

थॉर्नबी बाटलीवर वाकले. मग माझ्याकडे बघितलं, मग मंदाकडे.

"स्लग्ज," ते म्हणाले.

"येस सर."

"आणि होम म्हणजे...?"

"ब्रिस्टल, सर."

आधी भुवया थरथरल्या. मग खांदे. मग तो सहा फुटी माणूस काडतुसांच्या खोक्यावर बसला आणि असा हसला की रस्त्यावरचे लोक आत डोकावले. परतीच्या वाटेवर दर थोड्या वेळाने "चपलेने!" म्हणायचा आणि गाडी बाजूला घ्यायचा. सोमवारपर्यंत अख्ख्या हॉस्पिटलात मला 'शिकारी' म्हणू लागले होते. झालं, म्हटलं, बोचकी बांधा!

आठवड्याने थॉर्नबींचा फोन.

"डॉक्टर, रविवारी दोन इंडियन रनर्स घेऊन येतोय तुमच्याकडे. ठेवून घ्याल ना?"

इंडियन रनर्स! आपल्याकडचे धावपटू! कुठली तरी शर्यत असेल, आणि त्यांच्या मुक्कामाची सोय बघायची असेल. म्हणजे साहेबाचा राग नाही! शेवटची संधी!

"अवश्य, सर! व्हेजिटेरियन आहेत का?"

साहेब खाकरले. "नॉट स्ट्रिक्टली."

"वरची खोली देतो त्यांना."

"शेडमध्येही चालेल. खाली थोडा पेंढा टाका."

बघा, बघा! आपल्या माणसांना पेंढ्यावर झोपवणार! मला संताप आला, पण गिळला. फोन ठेवला आणि मंदाला म्हणालो, "वरच्या खोलीत नव्या चादरी घाल."

हे एवढ्यावर थांबलं असतं, तर मी तुम्हाला सांगितलंही नसतं. पण मी आमच्या तिथल्या मराठी मंडळाच्या जोशांना फोन केला. जोशी म्हणजे सत्काराला माणूस शोधत हिंडणारा माणूस. "आपले धावपटू? ब्रिस्टलमध्ये? मग शाल-श्रीफळ झालंच पाहिजे! भाषण तू कर."

रविवारी सगळं मंडळ आमच्या हॉलमध्ये. श्रीखंड-पुरी तयार, दोन शाली, ताटात दोन नारळ, मंदाच्या हातात ओवाळणीचं तबक. मी दारात उभा, 'मायभूमीचं नाव उज्ज्वल करणाऱ्या' हे वाक्य घोकत.

थॉर्नबींची मोटार थांबली. ते एकटेच उतरले. हातात वेताची मोठी पेटी.

"सर, पाहुणे कुठे आहेत?"

"हे काय!" त्यांनी हॉलच्या मधोमध पेटी ठेवून झाकण उघडलं. आतून दोन बदकं बाहेर आली. बाटलीसारखी उभी, मान ताठ, आणि धावत सुटली ती थेट श्रीखंडाच्या दिशेने!

"इंडियन रनर्स," थॉर्नबी अभिमानाने म्हणाले. "ही बदकांची जात आहे, डॉक्टर. स्लगचा असा फडशा पाडतात! बंदुकीपेक्षा स्वस्त."

जोशी हातात उलगडलेली शाल धरून तसाच उभा. मागून कुणीतरी हुंदका दिल्यासारखा आवाज काढला. मग सगळं मंडळ फुटलं. बायका सोफ्यावर आडव्या. थॉर्नबींना कारण कळेना. त्यांना सगळं समजावून सांगितल्यावर ते भिंतीला टेकले, डोळे पुसत म्हणाले, "डॉक्टर, तुम्ही ब्रिस्टल सोडून जायचं नाही. मी जाऊच देणार नाही." मग नारळाकडे बोट दाखवून मंदाला विचारलं, "पण हा आता कुणाला द्यायचा?"

मंदाने शाल माझ्या खांद्यावर टाकली, नारळ माझ्या हातात ठेवला आणि सगळ्यांकडे बघत म्हणाली, "ह्यांनाच!"

हॉस्पिटलातली जागा मला पुढे रीतसर मिळाली. पण घरच्या नोकरीतून नारळ मिळाला तो त्याच दिवशी, टाळ्यांच्या गजरात, शालीसकट!