सशांच्या कानातल्या गोचिडी

माझी वहिनी मुळातच तापट. पण त्या हिवाळ्यात तिला जशी पाहिली, तशी आधी नाही आणि नंतरही नाही.

आम्ही दोघी एकाच कारखान्यात. शिकारी रानातून ससे, तितर मारून आणत. ते सोलायचे, साफ करायचे आणि थंड खोलीत टांगायचे. वहिनीची त्यात एकवीस वर्षं गेली होती. अंगातला सदरा उतरवावा तसं ती सशाचं कातडं काढायची. मी तिच्या शेजारी बसायचे. लग्न होऊन आली तेव्हाच तिने मला ‘बारकी’ नाव ठेवलं. चाळिशी आली तरी मी बारकीच.

सशांच्या कानात गोचिडी असायच्या. काही टम्म फुगून एरंडीच्या बीएवढ्या झालेल्या, काही तिळाहून लहान. ससा गार पडला की त्या नवी ऊब शोधायला निघतात, आणि जवळची ऊब म्हणजे आमचे हात. म्हणून रबरी हातमोजे असत. त्या वर्षी ते संपले.

“येतील पुढच्या आठवड्यात,” मुकादम म्हणाला. तो पुढचा आठवडा तीन महिने उगवला नाही. वहिनी रोज विचारायची.

“अहो बाई, गोचीड आहे ती, वाघ नाही!” तो म्हणायचा. बायका हसायच्या. खोटं कशाला बोलू, मीही हसले.

मग माझ्या अंगठ्यावर फोड आला. त्याचा काळा खड्डा झाला, काखेत लिंबाएवढी गाठ आली आणि तापाने दात वाजू लागले. दवाखान्याने साथीचा ताप ठरवून गोळ्या दिल्या. सहाव्या दिवशी उभं राहता येईना, तेव्हा भावाने मोठ्या इस्पितळात नेलं. हे गोचिडींमुळेच, असं वहिनीने कळवलं, तर मुकादमाचा निरोप आला, “घरात कुत्रा आहे ना? त्याचंच काहीतरी असेल.”

वहिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुसऱ्या दिवशी तिने कामावरच बारीक फणीने नऊ सशांचे कान विंचरले आणि निघालं ते सगळं बरणीत भरलं.

“काय चाललंय?” मुकादमाने विचारलं.

“आमच्या कुत्र्याच्या गोचिडी गोळा करतेय,” ती म्हणाली आणि तशीच इस्पितळात आली.

डॉक्टरीणबाईंच्या पुढ्यात तिने बरणी आदळली. “आम्ही रानातले ससे सोलतो. उघड्या हातांनी.”

बाईंनी माझा अंगठा पाहिला, काख दाबली. “हे आधी का नाही सांगितलंत?”

“विचारलं कोणी? हिचं नाव विचारलंत, वय विचारलंत, नवरा काय करतो तेही विचारलंत. ही काय करते, हे एकानेही विचारलं नाही!”

“चुकलंच आमचं,” बाई म्हणाल्या. रक्त तपासायला गेलं, औषध बदललं. सशांकडून होणारा ताप असतो म्हणे. तिसऱ्या दिवशी मला भूक लागली.

डॉक्टरीणबाईंनी कळवल्यामुळे आरोग्य खात्याचा साहेब कारखान्यात येणार होता. त्याच्या आदल्या दिवशी मुकादम फळं घेऊन माझ्या खाटेशी आला आणि एक कागद पुढे केला : हातमोजे वर्षभर मिळत होते. “बाकीच्यांनी केली सही. परत कामावर यायचंय ना?”

मी डाव्या हाताने सही केली.

साहेबासमोर वहिनी एकटी उभी राहून भांडत होती, तेव्हा मुकादमाने तो कागद काढून माझी सही दाखवली. तिने ती सही नीट पाहिली. मग म्हणाली, “कागद राहू द्या साहेब. सगळ्यांचे हात बघा.” साहेबाने पाहिले. आणखी दोघींच्या बोटांवर तसेच काळे खड्डे होते. कारखान्याला अठरा दिवस टाळं लागलं. मुकादमाला दुसऱ्या गावच्या शाखेत पाठवलं, तेही बढती देऊन.

वहिनी माझ्याशी बोलेना. भाऊ मध्ये पडला, तर त्यालाही झापलं. बाराव्या दिवशी ती मलमाची डबी घेऊन आली आणि माझा अंगठा ओढून चोळू लागली.

“घाबरली होतीस?”

“हो.”

“मग मला सांगायचंस! मी काय मेले होते?”

ती इतक्या जोरात चोळत होती की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. हात मात्र मी काढून घेतला नाही.