सरांचा डोळा आणि दुर्बिणीचे चार स्क्रू

आमच्या टोळीत किस्से जमवायला कोणी बसलं नव्हतं. स्क्रू ढिले होत गेले आणि किस्से साठत गेले.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. वसईजवळ सांडोरला अंतोन सरांची केळीची वाडी, आणि दर रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून सर आले की तिथे आमची नेमबाजी. मंडळी तीनच. निवृत्त मास्तर अंतोन सर, नायगावला नवा फ्लॅट घेतलेला सावंत आणि मी. मातीच्या बांधासमोर पत्र्याचे कावळे उभे करायचे आणि छऱ्याच्या पिस्तुलाने पाडायचे. पिस्तूल सावंतचं. आतली स्प्रिंग इतकी दांडगी की चाप ओढला की ते आधी मागे लाथ मारायचं आणि लगेच पुढे उसळायचं.

त्यावर दुर्बीण बसवली ती सरांसाठी. त्यांचा डावा डोळा पूर्वीच गेलेला. उजव्याला पिस्तुलाचं टोक आणि लांबचा कावळा एकदम दिसेना. दुर्बिणीतून मात्र स्वच्छ दिसायचं. दुर्बीण चार स्क्रूंवर, आणि सरांचा रविवार त्या दुर्बिणीवर!

* * *

पहिल्याच रविवारी सावंतने दुर्बीण "फिट्ट" बसवून आणली. विसाव्या छऱ्याला ती मागे सरकली, पिस्तुलावरच्या पट्टीवरून सुटली आणि सरळ सरांच्या मांडीवर येऊन बसली. कावळा जागचा हलला नव्हता.

सर म्हणाले, "सावंत, आपण नक्की कोणाला पाडतोय?"

* * *

मग सावंतने आवळायचा सपाटा लावला. अजून थोडं, अजून थोडं, असं करत एका स्क्रूचं डोकंच तोडलं. वसईच्या हार्डवेअरवाल्याने विचारलं, कुठल्या मशीनचा आहे? पिस्तुलाचं नाव काढायला हा घाबरला आणि बोलून गेला, शिलाई मशीनचा. दुकानदार भला माणूस. म्हणाला, मशीनच घेऊन या, माझा भाऊ फुकट बघून देईल. नंतर कित्येक दिवस सावंत त्या दुकानाच्या पलीकडच्या बाजूने चालायचा.

* * *

कोणीतरी सांगितलं, आट्यांना नेलपॉलिश लावा. सरांच्या बायकोची, ग्रेसीबाईंची, लालभडक बाटली न विचारता वाडीत आली. चारही स्क्रूंना आतून पॉलिश, वरूनही डोक्यापासून पट्टीपर्यंत एक लाल रेघ. रेघ तुटली की समजायचं स्क्रू फिरला. युक्ती नामी होती, पण ती केली सरांनी स्वतः आणि मिस्सेच्या आधी. त्या दिवशी चर्चमध्ये बायबलचं वाचन त्यांचंच होतं. लालचुटुक अंगठ्याने पानं उलटत त्यांनी अख्खं वाचन केलं.

मिस्सा संपल्यावर फादरनी त्यांना बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, "सर, घरी सगळं ठीक आहे ना?"

* * *

या हसण्याखाली एक भीती होती, ती आम्हाला उशिरा कळली. छरे भरकटू लागले की सर गप्प व्हायचे. डाव्या डोळ्याचंही असंच हळूहळू सुरू झालं होतं. त्यामुळे नेम चुकला की त्यांच्या मनात एकच प्रश्न, स्क्रू की डोळा?

मग सावंत रेघा तपासायचा. एखादी तुटलेली सापडली की सरांचा चेहरा असा उजळायचा! स्क्रू ढिला निघाला म्हणून केळ्याची फणी वाटणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. ढिला निघू दे म्हणून आम्हीही मनातल्या मनात हात जोडायचो.

* * *

दसऱ्याला सावंतने पिस्तूल घरी नेऊन शस्त्रपूजा केली. पुजायचं तर यथासांग, म्हणून पंचामृत, हळद, कुंकू, अक्षता, सगळं दुर्बिणीवर. वर ते तसंच गुंडाळून कपाटात ठेवून दिलं. काढून बघतो तर लाल रेघांचा पत्ता नाही, स्क्रूंच्या डोक्यात कुंकू वाळून दगड झालेलं आणि आटे गंजून बसलेले. स्क्रू फिरवायची चावी आत शिरेना.

मला एकट्याला गाठून म्हणाला, "आता हे जन्मात ढिले होणार नाहीत." वर्षभर ज्याच्यासाठी मरत होतो ते देवीने एका दिवसात करून दिलं. आम्ही दोघं पोट धरून हसलो. सरांना सांगायचं राहूनच गेलं.

* * *

पुढच्या रविवारी सर खुर्चीत बसले, कोपर टेबलावर टेकवलं आणि चाप ओढला. हुकला. दुसरा हुकला. मग चुकतच गेले. बांधाची माती उडत होती आणि कावळा तसाच उभा.

सरांनी पिस्तूल खाली ठेवलं. "बघ रे सावंत, ढिलं झालं असेल."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. ढिलं होणं शक्यच नव्हतं, हे आम्हा दोघांनाच ठाऊक होतं. सावंत पिस्तूल घेऊन पार विहिरीच्या कठड्यापाशी गेला. अर्धवट पाठ करून त्याने खिशातून चावी काढली, मनगट फिरवलं, परत फिरवलं, एकदा तर जोर लागल्यासारखा हुंकारही दिला. आला आणि म्हणाला, "सर, पुढचा स्क्रू अर्धा फेरा ढिला होता."

सरांनी मोठा श्वास सोडला. खांदे खाली आले. पिस्तूल उचललं.

टण्ण! कावळा आडवा. मग दुसरा. मग तिसरा. सावंतने कपाळावरचा घाम पुसला. माझे तर डोळेच भरून आले. चौथा पडला तेव्हा आम्ही दोघांनी एकमेकांच्या पाठीवर थाप मारली. मोठी चोरी पचल्यासारखं वाटत होतं.

सरांनी पिस्तूल टेबलावर ठेवलं, फणीतलं एक केळं सोललं आणि विहिरीकडे बघत म्हणाले, "सावंत, पुढच्या वेळी निदान चावी स्क्रूला लावून तरी फिरव. हवेत काय फिरवतोस?"