तिसऱ्या वळणावरचं ऊन

घरात तिला सगळे खुडबुडी म्हणायचे, आणि उगाच म्हणत नव्हते. घड्याळ बंद पडलं की ही ते उघडणार, आणि नीट चालत असलं तरी उघडणार. आई कपाळाला हात लावायची. आत्या मात्र कायम भाचीच्या बाजूने, कारण हे खूळ मुळात तिच्याकडूनच आलेलं.

आत्या शिलाई मशीन दुरुस्त करायची. खांद्याला हत्यारांची पिशवी अडकवून ती घरोघरी जायची आणि सुट्टीच्या दिवशी खुडबुडी तेलाची बाटली सांभाळत तिच्यामागे. आत्याचा एक नेम होता. मशीन कितीही झकास फिरू दे, गिऱ्हाइकाच्या जागेवर, त्याच्याच कापडावर एक सरळ शिलाई मारून बघितल्याशिवाय त्या घरचा चहा घ्यायचा नाही. कप पुढे आला तरी म्हणायची, "ठेवा तिथे. आधी शिलाई." काम फत्ते झालं की घरी फोन करायची, "चहा घेतला गं." बस, एवढंच. मग इकडे आई ताटं घ्यायला लागायची.

नववीत विज्ञानाच्या बाईंनी काळ्या पट्टीवरून आपोआप चालणारी गाडी दाखवली आणि खुडबुडीला दुसरं काही सुचेना. मोडक्या खेळण्यातल्या दोन मोटरी काढल्या, पुठ्ठ्याचा सांगाडा केला, बाईंकडून दोन सेन्सर मागून आणले. सेन्सर म्हणजे गाडीचे खाली बघणारे डोळे. पांढरी जमीन उजळ दिसते, काळी पट्टी अंधारी, त्यावरून कुठे वळायचं ते गाडीला कळतं. शाळेच्या प्रयोगशाळेत गाडी दहा वेळा धावली आणि दहाही वेळा न चुकता. बाईंनी पाठ थोपटली. पोरगी हवेत.

स्पर्धा होती एका मोठ्या सभागृहात, भल्यामोठ्या खिडक्या असलेल्या. तिथे गाडीने पट्टी सोडली ती थेट परीक्षकांच्या टेबलाखाली जाऊन थांबली. सगळे खो खो हसले. घरी येऊन तिने गाडी खोक्यात कोंबली आणि रडत म्हणाली, "त्या हॉलमध्ये ऊनच किती होतं! गाडीला काही दिसेचना."

"नाचता येईना अंगण वाकडं," धाकटा भाऊ म्हणाला आणि आत्याची टपली खाऊन गप्प बसला.

"अंगण वाकडं असतंच गं," आत्या म्हणाली. "नाचायच्या आधी तिथे जाऊन बघितलंस का?"

"नाही."

"मग शिलाई न मारताच चहा प्यायलीस की."

हे मात्र तिला फार लागलं. आईने रद्दीत टाकलेलं ते खोकं दोन दिवसांनी तिने स्वतःच परत उचलून आणलं.

पुढे ती कॉलेजात गेली. तिथे रोबो बनवणाऱ्या मुलांचा एक संघ होता. त्यांची खोली तळघरात होती, टेबलांवर तारांचा गुंता, भिंतीला टांगलेली हत्यारं. ती खोली बघितली त्याच दिवशी तिने मनाशी ठरवलं, आपली जागा इथेच. पण नवे अर्जदार चाळीस आणि जागा चार. संघाचा म्होरक्या, ज्याला सगळे दाढीवाला म्हणत, त्याने जाहीर केलं, "शनिवारी दुपारी तीन वाजता, वरच्या ड्रॉइंग हॉलमध्ये. प्रत्येकाची गाडी पट्टीवरून एकदाच धावेल. धावली तर आत, नाही तर पुढच्या वर्षी."

बाकीची मंडळी तळघरातच ट्यूबलाइटखाली सराव करत राहिली. खुडबुडी गुरुवारी तीन वाजता ड्रॉइंग हॉलच्या दाराशी हजर. शिपाईकाका किल्ली देईनात. "शनिवारी या की सगळ्यांबरोबर."

"काका, दहा मिनिटं. हवं तर तुम्हीही बसा बघायला."

काका बसले. वाटेची पट्टी फरशीवर चिकटवलेलीच होती. तिने गाडी सोडली. दोन वळणं छान गेली आणि तिसऱ्यावर गाडी वेड्यासारखी गरगर फिरायला लागली. पश्चिमेच्या खिडकीतलं ऊन नेमकं तिथेच पडलं होतं. "बोंबला," काका म्हणाले. तिला मात्र हायसं वाटलं. आजच बोंबललं ते बरंच झालं!

घरी येऊन ती आत्याच्या मशीनवर बसली आणि काळ्या अस्तराच्या कापडाची झालर शिवून तिने सेन्सरभोवती लावली, ऊन आत येऊ नये म्हणून. आत्याने चष्मा सावरून पाहिलं. "लांब झाली. चाकात जाईल. बोटभर वर घे." तिने उसवून परत शिवली. शुक्रवारी तीन वाजता पुन्हा हॉल, पुन्हा काका. गाडी तिसऱ्या वळणावरून सुखरूप पार! काकांनी टाळी वाजवली.

शनिवारी गाडी बघून पोरं फिदीफिदी हसली. "अरे, परकर घातलाय हिने!" तिचे कान तापले. दाढीवाला सगळ्यांना चहा देत होता, त्याने तिच्यापुढेही कप धरला.

"ठेव तिथे. आधी गाडी," ती म्हणाली.

तिच्या आधी अकरा गाड्या सुटल्या. त्यातल्या नऊ तिसऱ्या वळणावर भरकटल्या. हसणं हळूहळू बंद झालं. मग तिची पाळी आली. परीक्षकांचं ते टेबल डोळ्यांपुढून हलेना. गाडी निघाली. पहिलं वळण, दुसरं. उन्हाच्या तुकड्यात शिरताना झालर जराशी थरथरली, आणि गाडी शांतपणे वळून शेवटच्या रेघेपर्यंत गेली.

दाढीवाल्याने गुडघ्यावर बसून झालर बोटाने उचलून बघितली. "हे कुठे शिकलीस?"

"आत्याकडे. शिलाई मशीन दुरुस्त करते ती."

"आपल्या मोठ्या रोबोला अशीच एक झालर लागेल," तो म्हणाला. "सोमवारपासून तळघरात ये."

टेबलावरचा कप एव्हाना गार झाला होता, वर साय धरली होती. तिने तो उभ्याउभ्या संपवला, बाहेर व्हरांड्यात आली आणि फोन लावला. पलीकडे मशीनची खडखड चालू होती.

"आत्या," ती म्हणाली, "चहा घेतला गं."

मशीन थांबलं. मग आत्या नाक ओढत घरात आईला ओरडून म्हणाली, "वहिनी, ताटं घ्या!"