रामलिंगच्या जीपमधला नवा अल्बम

कंधारहून लोहा आणि लोह्याहून नांदेड या रस्त्यावर रामलिंग कित्येक वर्षं काळी-पिवळी जीप चालवायचा. तसल्या जीपा स्टँडबाहेर पाच-सहा तरी उभ्या असायच्या, पण लोक यायचे ते विचारत, "गाण्यावाली गाडी लागली का?" गाण्यावाली म्हणजे रामलिंगची. बाकीचे ड्रायव्हर तीच ती गाणी महिनोन्‌महिने घासायचे. रामलिंगकडं नवं काही आलं की आधी ते वाजायचं, आणि गाणं संपलं की तो आरशातून मागं बघून विचारायचा, "बोला, कसं वाटलं?"

बोलायला लोक टपलेलेच असायचे. गुडघ्याला गुडघा लावून बसलेल्या माणसाला दुसरं काम तरी काय असतं? "आवाज गोड हाय, पर दम न्हाई." "ढोलकीवाल्याला कुणी तरी दोरीनं बांधा बा." "ह्या बाईचं मागलं ऐका, ते लई भारी होतं." गाण्यावरून सुरू झालेलं भांडण कधी कधी सोनखेडपर्यंत पुरायचं. स्वतः रामलिंग मात्र कधी मत द्यायचा नाही. कुणी फारच आग्रह केला तर म्हणायचा, "मला काय कळतंय त्यातलं? मी गाडी हाकणारा माणूस." त्याची बायको अंजू घरी हसायची. "अख्ख्या तालुक्याची मतं ह्यांच्या गाडीत," ती म्हणायची, "आन् ह्यांचं मत कुठं सांडलं काय की."

याच गाडीत एकदा मंजुश्री बसली होती. तेव्हा तिला कुणी ओळखत नव्हतं. हदगावकडची पोरगी, लग्नाची गाणी म्हणायला कंधारला आली होती, परतताना तिनं भीतभीतच रामलिंगच्या हातात एक सीडी ठेवली. "भाऊ, वाजवून बघता का? माझीच हाय." रामलिंगनं वाजवली. दुसऱ्या दिवशी वाजवली, तिसऱ्या दिवशी लोकच मागायला लागले. हळदीची, घाण्याची, जात्यावरची गाणी, मागं नुसती पेटी आणि दिमडी, आणि त्यातून उन्हात वाळत घातलेल्या धान्यासारखा तो खडखडीत, स्वच्छ आवाज. रामलिंगनं फोन करून तिला लोकांची बोलणी शब्द न् शब्द सांगितली. चांगली सांगितली, वाईटही सांगितली. तिला ते इतकं मानवलं की तेव्हापासून प्रत्येक नवा अल्बम बाहेर पडायच्या आधी तिचा भाऊ रामलिंगला आणून द्यायचा. आधी सीडी, मग पेन ड्राइव्ह.

पुढं मंजुश्री हदगावकर हे नाव बॅनरवर आलं, मोबाइलवर आलं, लातूरपासून किनवटपर्यंत लग्नाच्या मांडवात तिचीच गाणी लागायला लागली. आणि इथंच रामलिंगचं जरा चुकत गेलं. एवढ्या मोठ्या बाईला वाईट कसं सांगायचं? लोक म्हणायचे, "यंदा मजा न्हाई." तो फोनवर सांगायचा, "लोकान्ला आवडलं, ताई." लोक म्हणायचे, "बंद कर." तो सांगायचा, "हळूहळू बसंल तोंडात." खोटं बोलतो असं त्याला वाटत नव्हतं. आपल्या बहिणीच्या हातची भाजी खारट झाली तर आपण जेवतोच की, असं त्याचं आपलं साधं गणित.

या हिवाळ्यात नवा अल्बम तयार झाला, पण पेन ड्राइव्ह घेऊन तिचा भाऊ आला नाही. सकाळी फोन आला तो खुद्द मंजुश्रीचा.

"भाऊ, मीच पेन ड्राइव्ह घेऊन येऊन राहिले. स्कार्फ बांधून बसते मागं. वळख दाखवू नका."

"ताई, कशाला तरास? मी सांगतो की फोनवर."

"तुम्ही गोड सांगता," ती म्हणाली. "मला ऐकू द्या."

रामलिंगला नाही म्हणायची सोय नव्हती. ती आली, तोंडाला फुलाफुलाचा स्कार्फ, डोळ्यांवर साधा चष्मा, कॉलेजच्या मॅडमसारखी. मागच्या बाकावर बोरांचं टोपलं घेऊन बसलेल्या नीलाबाईच्या शेजारी तिला जागा मिळाली. पुढं रामलिंगच्या बाजूला कापड दुकानाचे गुरुपादप्पा होते, कपाळावर भस्माचे पट्टे, हातात पिशवी. मधे विद्यापीठात शिकणारी स्वप्नाली आणि आणखी चार-पाच जण. रामलिंगनं मनातल्या मनात महादेवाचं नाव घेतलं आणि पेन ड्राइव्ह लावला.

धाडकन काचा हलल्या. मागं पेटी नाही, दिमडी नाही, नुसता डीजेचा दणका, आणि त्या दणक्यात कुठंतरी मंजुश्रीचा आवाज, तोही विहिरीत पडलेल्या डब्यासारखा घुमणारा.

गुरुपादप्पांनी कानावर हात ठेवला. "ए रामलिंगा, आवाज मार खाली. ही बाई वरडायला कवापासून लागली?"

"ऐका तर अप्पा, पुढलं चांगलं हाय," रामलिंग घाईघाईनं म्हणाला.

पुढलंही तसंच होतं. स्वप्नाली हसली. "मशीन लावलंय हो आवाजाला. शब्दच कळेनात. हिला काय गरज होती ह्याची?"

"मोठं झालं की माणूस असंच होतंय," मधल्या बाकावरचा एक जण म्हणाला. "आता ती लोकान्साठी गाईना."

रामलिंगला आरशात बघायचं धाडस होईना. त्यानं एकेक गाणं पुढं ढकललं, प्रत्येकाला कुणी ना कुणी नावं ठेवली. मधेच एक संथ गाणं लागलं. त्यात तेवढी पेटी होती. माहेरच्या फाट्यावर उतरणारी बाई होती त्यात. आई गेल्यावर त्या फाट्यावर गाडी थांबली तरी उतरावंसं वाटत नाही, असं काहीसं. रामलिंगचा पाय आपोआप ॲक्सिलरेटरवरून सैल झाला. पण गुरुपादप्पा म्हणाले, "हे रडगाणं सकाळी सकाळी नको रे बाबा," आणि दोघातिघांनी "हाव, पुढं घे" म्हटलं. त्यानं पुढं घेतलं.

मग नीलाबाई बोलली. म्हातारीचा आवाज बारीक होता, पण गाडीभर पोचला.

"माझ्या नातीच्या हळदीला हिचं गाणं लागलं तर बाया हातातलं पीठ तसंच ठेवून ऐकत बसल्या व्हत्या. ही ती न्हाई. हिच्या नावावर दुसरीच कोण गायलीय." आणि शेजारच्या स्कार्फवालीच्या मांडीवर हात ठेवून तिनं विचारलं, "तुला काय वाटतंय गं माय?"

समोर ट्रॅक्टर होता, ऊस भरलेला, त्याच्या मागं गाडी रखडली.

"मावशी," मागून आवाज आला, "मला बी तसंच वाटून राहिलंय."

विष्णुपुरीला स्वप्नाली उतरली, लातूर फाट्याला मंजुश्री. तिनं मागं वळून पाहिलं नाही. रामलिंगनं हाक मारायला तोंड उघडलं, पण गाडीत माणसं होती.

त्या दिवसापासून जीपमधलं गाणं बंद झालं. लोक विचारायचे, "रामलिंगा, टेप बिघडला का?" तो नुसती मान हलवायचा. बाईला आपण गाडीत बसवून मारलं, असं त्याला वाटत होतं. भाकरी ताटात तशीच राहायची. एवढी वर्षं ती आपल्या भरवशावर होती. खरं सांगायला माणूस ठेवला होता आणि आपण गोड बोलत बसलो. तेव्हाच थोडं थोडं सांगितलं असतं तर एकदम असा घाव बसला नसता.

"फोन करा की," अंजू म्हणाली.

"काय बोलू? माफी मागू?"

"तीबी माणूसच हाय. बोलंल की काहीतरी."

त्यानं दोनदा नंबर काढला आणि दोनदा मोबाइल खिशात टाकला. मग एका दुपारी कंधार स्टँडवर तो गाडी भरायचा आपला नंबर यायची वाट बघत बॉनेटला टेकून उभा असताना फोन वाजला. मंजुश्रीचं नाव बघून त्यानं हातातला चहा बॉनेटवर ठेवला आणि फोन उचलला.

"ताई, माझं चुकलं," तो आधीच म्हणाला. "मी तुम्हाला..."

"थांबा, भाऊ. आधी मला बोलू द्या." ती हसत होती. खरंच हसत होती. "स्टुडिओत गाताना मलाच कळत होतं की हे माझं न्हाई. पण कंपनीवाले म्हणायचे, मार्केटला हेच लागतंय. घरचे म्हणायचे, लई भारी. तुम्ही बी म्हणायचे, आवडलं. मला वाटलं, माझेच कान गेले. रोज भ्या वाटायचं की मला गाणं कळणं बंद झालं. आन् त्या दिवशी ती म्हातारी बोलली ना, 'ही ती न्हाई', तवा डोक्यावरचं ओझं कुणी उतरून घेतल्यावानी झालं. फाट्याला उतरले आन् रडले मी, पर सुखानं रडले. मागं बघितलं असतं तर समद्यांसमोर रडले असते."

रामलिंगनं नुसतं "हाव, हाव" केलं.

"कंपनीसंग भांडले," ती पुढं म्हणाली. "समदं परत गाऊन राहिले. पेटी, दिमडी आन् मी. आता एकच अडलंय. ते फाट्यावरचं गाणं. कंपनी म्हणते काढा. गाडीत बी लोक म्हणले, पुढं घे. लोकान्चं कळलं मला. तुमचं मत सांगा."

"माझं?"

"तुमचंच. आजवर कधी सांगितलं न्हाई तुम्ही."

रामलिंगनं इकडं-तिकडं बघितलं. कुणी ऐकत नव्हतं. "ते ठेवा, ताई," तो म्हणाला आणि त्याचा आवाज त्यालाच अनोळखी वाटला. "माझी थोरली बहीण निलंग्याला दिलीय. माय गेल्यापासून ती कंधारला आली न्हाई. बोलवलं तरी येत न्हाई. मला वाटायचं, तिला आमची माया राहिली न्हाई. गाणं लागलं आन् मला कळलं, ती का येत न्हाई ते. लोकान्ला आवडो न आवडो. मला आवडलं."

"मग ते ऱ्हाणार," मंजुश्री म्हणाली. "ते गाणं मी माझ्या मायवर केलंय, भाऊ."

त्या दिवशी रामलिंगनं घरी येऊन दोन भाकरी जास्त खाल्ल्या. पुढच्या सुट्टीला तो आणि अंजू जीप घेऊन निलंग्याला गेले. बहिणीला बोलवायला नाही, नुसतं तिच्या घरी जाऊन बसायला. तिनं शेंगदाण्याच्या पोळ्या केल्या, आणि निघताना तीच म्हणाली, संक्रांतीला येऊन जाईन.

नवा अल्बम आला तेव्हा हवेत अजून गारवा होता. रामलिंगनं काही न सांगता लावला. पहिल्या गाण्याला गाडी गप्प झाली. दुसऱ्या गाण्याला नीलाबाई टोपल्यावर बोटं वाजवायला लागली. "आली की गं माघारी," ती म्हणाली. गुरुपादप्पांनीही मान डोलावली, "आता कसं!" मग ते संथ गाणं लागलं आणि अप्पांनी नेहमीसारखा हात वर केला. "रामलिंगा, हे पुढं घे."

"न्हाई अप्पा," रामलिंग म्हणाला. "हे मला आवडतंय. पुरं वाजू द्या."

गुरुपादप्पांनी त्याच्याकडं वळून बघितलं. इतक्या वर्षांत या माणसाला काही आवडल्याचं त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं होतं. "बरं बाबा, वाजू दे," ते म्हणाले, आणि पिशवी पोटाशी धरून खिडकीबाहेरच्या हरभऱ्याकडं बघत राहिले.